वायरीच्या त्या टोकाला

१

सीताराम रणपिसे यांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. देवावरही नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर विभागात तेहतीस वर्षं काढलेल्या या माणसाचा विश्वास होता तो मीटरच्या आकड्यावर. नोकरीत असताना एकदा बॅटरीच्या खोलीत कोणीतरी खोकतं अशी बोलवा उठली, तेव्हा हे गृहस्थ सतरंजी घेऊन तीन रात्री तिथे झोपले आणि चौथ्या दिवशी एका गळक्या व्हॉल्व्हचा खोकला सगळ्या स्टाफला बोलावून ऐकवला. विहारातल्या भाषणांत ते हा किस्सा हमखास सांगत. लोक हसत. चंद्रभागाबाई मागच्या रांगेत बसून हसत नसत, कारण त्यांनी तो चाळीसेक वेळा ऐकला होता.

चंद्रभागाबाईंना जाऊन आता सव्वीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला होता, पाहुणे गेले होते, आणि कात्रजच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सीतारामराव एकटे उरले होते. मंगळवारची दुपार होती. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो सप्लाय उघडून ठेवला होता.

सप्लाय म्हणजे पत्र्याचा एक डबा. घरातल्या विजेचे त्यातून सरळ, स्थिर चोवीस व्होल्ट होतात. चंद्रभागाबाईंचं श्वासाचं मशीन दोन वर्षं त्याच्यावर चाललं. सीतारामरावांनी ट्रकच्या हेडलाइटचे बल्ब आणून त्याला जोडले, खच्चून लोड दिला आणि सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडे टिपले. व्होल्टेज तसूभरही हललं नाही. डबा कोमट झाला, एवढंच. त्यांनी वहीत लिहिलं, ‘सप्लाय निर्दोष.’ खाली सही केली, तारीख घातली. कोणाला दाखवायचं होतं ते लिहिलं नाही, पण ते त्यांना ठाऊक होतं.

मग बल्ब काढून त्यांनी जुनी वायर परत जोडली. सवयच म्हणायची. ती लांब वायर टेबलावरून खाली उतरून, भिंतीच्या कडेकडेने, मधल्या दाराच्या पडद्याखालून आतल्या खोलीत जायची. डब्याच्या पंख्याची घरघर बायकोच्या कानाशी नको, म्हणून त्यांनीच सप्लाय बाहेर ठेवून ती ओढली होती. आतलं टोक पलंगाजवळच्या स्टुलावर पडलेलं होतं. नुसती पिन. मशीन पंधरा दिवसांपूर्वीच अक्षताने, त्यांच्या मुलीने, एका धर्मादाय दवाखान्याला देऊन टाकलं होतं.

त्यामुळे मीटरवर शून्य यायला हवं होतं.

मीटरवर आकडा चढत होता. अर्धा अँपिअर, पाऊण, सव्वा. क्षणभर तिथे थांबला. मग सावकाश खाली आला, आणि पुन्हा चढू लागला.

२

चंद्रभागाबाई असताना तो सप्लाय बंद पडला तेव्हा घरात झालेलं भांडण सीतारामराव विसरू शकत नव्हते.

अक्षता हिंजवडीहून धावत आली होती. कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येणार होता. तोवर भाड्याने दुसरं मशीन आणू, असं ती म्हणत होती.

“कशाला?” सीतारामराव म्हणाले होते. “कपॅसिटर फुगलाय. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“पप्पा, हे रेडिओ नाहीये. आईच्या श्वासाचा प्रश्न आहे.”

“अख्ख्या पुण्याचे फोन माझ्या सप्लायवर चालत होते. तुझ्या आईचा एक श्वास मला जड नाही.”

हे बोलताना त्यांना स्वतःचा अभिमान वाटला होता. पलंगावर मास्क हातात धरून बसलेल्या चंद्रभागाबाई दोघांकडे बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमचं झालं की मला सांगा.” बोलायला त्यांना तेवढाच दम पुरायचा. तेवढ्यापुरत्या उसन्या आणलेल्या एका बॅटरीवर मशीनचे चारेक तास निघत होते. तेवढ्यात सीतारामरावांनी सप्लाय नुसता दुरुस्त केला नाही, सुधारला. चांगल्या जातीचे कपॅसिटर घातले, पंखा बसवला, जुन्या सामानातला एक ट्रान्सफॉर्मर काढून चढवला. संध्याकाळी मशीन चालू झालं तेव्हा अक्षता काही न बोलता निघून गेली होती, आणि तो त्यांना स्वतःचा विजय वाटला होता.

अकरा दिवसांनी ते दुपारी सुटे भाग आणायला बुधवार पेठेत गेले. दीड तासाने परत आले. मशीन शांतपणे चालू होतं, सप्लायवरचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि चंद्रभागाबाई गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलीच होती, आज ना उद्या होणारच होतं. अक्षताने वडिलांकडे पाहिलं आणि विचारलं, “मशीन मध्ये बंद पडलं होतं का?” ते म्हणाले, “चालूच होतं की. तू बघतेयस ना.”

पण शेजारच्या मुक्ताईंनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं होतं, “भाऊ, त्या दुपारी तुमच्या घरातनं पालीवानी टिकटिक येत हुती. लई येळ. मला वाटलं, घड्याळ हाय.”

सीतारामरावांच्या घरात टिकटिकणारं घड्याळ नव्हतं. त्यांना ती टिकटिक पुरती ठाऊक होती. सप्लायकडे झेपेल त्याहून जास्त वीज मागितली की तो स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा चालू होऊन बघतो, मागणी तशीच असेल तर पुन्हा बंद होतो. टिक. टिक. टिक. झेपेल किती, ते एका बारीक स्क्रूने ठरवायचं असतं. जुना ट्रान्सफॉर्मर जळू नये म्हणून सीतारामरावांनी तो स्क्रू आवळून ठेवला होता. चंद्रभागाबाईंना दम लागला असणार. मशीनने जोर लावायला वीज मागितली असणार. आणि डब्याने दिली नसणार. मागणारं कोणी उरलं नाही तेव्हा हिरवा दिवा पुन्हा लागला असणार.

आज चाचणी सुरू करण्याआधी त्यांनी तो स्क्रू पाऊण फेरा सैल केला होता. हे त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं.

३

बिघाडाला कारण असतं. सीतारामरावांनी कारणं मांडली. वायर कुठेतरी सोलली असेल, ओल असेल, मीटर खोटं दाखवत असेल. ते आतल्या खोलीत गेले. पलंगावर गोधडी चौकोनी घडी घालून ठेवली होती, तशीच होती. स्टुलावर पिन होती. त्यांनी ती उचलली, पुसली, चिकटपट्टीने गुंडाळली आणि परत ठेवली. सगळी वायर बोटांमधून ओढत बाहेर आले. कुठे खरचटलेलीसुद्धा नव्हती.

आकडा चढतच होता, उतरतच होता.

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. मिनिटाला बावीस. दर तिसऱ्या चढानंतर आकडा वरच किंचित अडायचा, जणू पायरीवर थबकावा तसा, आणि मग उतरायचा. त्यांनी आणखी एक मिनिट मोजलं. मग मोजणं सोडलं, कारण हे अडखळणं त्यांनी दोन वर्षं रोज, शेजारच्या उशीवरून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत राकेशच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन त्यांनी नवा मीटर मागितला.

“जुन्याला काय झालं?” राकेशने मान वर न करता विचारलं.

“जोडलेलं काही नसताना करंट दाखवतोय.”

“मग काहीतरी जोडलेलं असणार.”

“नाहीये.”

“रणपिसे, तुम्ही आमच्या बापाला शिकवलंय. मीटर थापा मारत नाही. थापा मारायला त्याला काय पडलंय?” त्याने नवा मीटर काउंटरवर ठेवला. “घेऊन जा. हाही तेच सांगेल.”

त्यानेही तेच सांगितलं. फरक एवढाच होता की काल सव्वा अँपिअरवर थांबणारा आकडा आज दोनवर थांबत होता.

त्या दिवसापासून सीतारामराव हॉलमध्ये झोपू लागले. आत उकडतं, असं त्यांनी मुक्ताईंना सांगितलं. मुक्ताईंनी विचारलं नव्हतं.

४

सप्लाय बंद करून टाकणं सोपं होतं. स्विच समोरच होता. दिवसातून कितीदा तरी त्यांचा हात तिथवर गेला आणि दर वेळी आकडा चढताना दिसला. चढत्या आकड्यावर स्विच बंद करणं त्यांना जमेना. उतरला की करू म्हणायचे, पण उतरला की लगेच पुढचा चढ सुरू व्हायचा. स्वतःशी ते म्हणत, निरीक्षण चालू आहे. निष्कर्षाची घाई नको.

सहाव्या दिवशी भर दुपारी, ते चहा गाळत असताना, हॉलमधून आवाज आला.

टिक. टिक. टिक.

हातातलं गाळणं ओट्यावर पडलं. ते धावले. मीटरवरचा आकडा चार अँपिअरला भिडून खाली कोसळत होता, पुन्हा चढत होता, पुन्हा कोसळत होता. मधल्या दाराचा पडदा वारा नसताना आतल्या बाजूला ओढला जाऊन चौकटीला चिकटला होता. आणि पडद्यापलीकडून काहीच आवाज येत नव्हता. सीतारामरावांना वाटलं, आवाज असता तर बरं झालं असतं.

त्यांनी स्क्रू आणखी सैल केला. टिकटिक थांबली. पडदा हळूहळू सुटा झाला.

त्यानंतर त्यांनी विचार केला नाही, काम केलं. पेठेतून जाड तारेचा मोठा ट्रान्सफॉर्मर आणला, दणकट डायोड आणले, दुसरा पंखा आणला. जुना सप्लाय चालू ठेवूनच शेजारी नवा उभा केला, आणि दोन्ही जोडून मग जुना सोडवला, जसा एक्स्चेंजमध्ये एकही फोन न तुटू देता करायचे तसा. सोल्डरचा धूर डोळ्यांत जाऊन पाणी येत होतं. तिथे कोणी असतं तर त्यांनी धुराचंच कारण सांगितलं असतं. नव्या सप्लायची ताकद दहा अँपिअरची होती. इतकी कोणालाही पुरेल, असं ते मोठ्याने म्हणाले.

चार दिवसांत आकडा साडेनऊवर गेला. प्रत्येक चढाची लांबीही वाढली होती. मिनिटाला बावीस चढ होते ते आता नऊच होत होते, सावकाश, खोल. तिसऱ्या चढानंतरचं अडखळणं मात्र अजून होतं.

सीतारामरावांना यात समाधान वाटायला हवं होतं. तिला आता दम लागत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगूनही पाहिलं. पण रात्र असो की दिवस, ते पडद्याकडे पाठ करून बसत नव्हते.

५

अक्षता शनिवारी आली. फोन न करता, तीन वाजता. आईच्या साड्या मावश्यांना द्यायच्या होत्या आणि कपाट आतल्या खोलीत होतं. चपला काढतानाच तिने टेबलाकडे पाहिलं. पंखे घोंघावत होते, जाड वायरी सगळीकडे पसरल्या होत्या, आणि वडिलांची दाढी आठवडाभराची होती.

“हे काय चाललंय, पप्पा?”

“चाचणी.”

“कसली? आई गेली. मशीन मी देऊन टाकलं. आता काय टेस्ट करताय, स्वतःला सर्टिफिकेट द्यायला?”

ती पडद्याकडे निघाली तसे ते मध्ये उभे राहिले. “आत नको जाऊस.”

“का?”

त्यांनी मीटरकडे बोट केलं. ती वैतागून वाकली आणि बघत राहिली. एक चढ, एक उतार. दुसरा चढ. तिसरा चढ, आणि ते थबकणं. अक्षताचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. आईच्या आजारपणात तीही कितीतरी रात्री त्याच खोलीत झोपली होती.

“हे रेकॉर्डिंग आहे का?”

“आकड्याचं कसलं रेकॉर्डिंग?”

“त्या टोकाला काय जोडलंय?”

“काही नाही. नुसती पिन आहे.”

“तुम्ही बघितलंत?”

“पहिल्या दिवशी बघितलं.”

“आणि आज?”

सीतारामराव खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगून टाकलं. टिकटिक, जुना ट्रान्सफॉर्मर, आवळलेला स्क्रू, सगळं. विहारात भाषण करणारा तो आवाज आता ओळखू येत नव्हता. “डबा जळू नये म्हणून मी तो आवळला होता,” ते म्हणाले. “डबा जळला नाही.”

अक्षता रडली नाही. ती पुन्हा मीटरवर वाकली.

“आईच्या मशीनला किती लागायचं?” तिने विचारलं.

“दोन, अडीच. फार तर चार.”

“आणि हे साडेनऊ आहे.” तिचा आवाज खाली आला. “मग ही आई नाही, पप्पा. आईने आयुष्यात कधी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली नाही.”

“तेच तर,” सीतारामराव म्हणाले. “कधी मागितलं नाही. आता मागतेय. आता मी देतोय.”

“बास झालं,” असं म्हणून अक्षताने स्विच खाली केला.

पंखे गरगरत थांबले. घरात अशी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरून दूध डेअरीचा टँकर गेलेला ऐकू आला. मीटर स्वतःच्या सेलवर चालत होता. त्याचा आकडा शून्यावर आला. दोघंही त्याच्याकडे बघत होते. म्हणून दोघांनीही ते एकाच वेळी पाहिलं.

शून्याच्या आधी एक आडवी रेघ उमटली. उणे एक. उणे तीन. उणे सात. वीज आता त्या टोकाकडून इकडे येत होती. बंद सप्लायचे पंखे आपोआप फिरू लागले, आणि पत्र्याच्या फटींतून हॉलमध्ये हवा आली. ओलसर, कोमट हवा.

“अक्षता, थांब,” सीतारामराव म्हणाले, पण ती पडद्यापाशी पोचली होती. तिने तो हाताने बाजूला केला.

सीतारामरावांना तिच्या खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढंच. पिन स्टुलावर नव्हती. वायर ताठ होऊन स्टुलावरून पलंगावर चढली होती आणि गोधडीखाली गेली होती. गोधडी घडी केलेली नव्हती, पसरलेली होती, आणि तिची अलीकडची कड पलंगापासून इतकी वर उचललेली होती की कुशीवर निजलेल्या कोणत्याही माणसाचा खांदा तिथवर पोचला नसता. चंद्रभागाबाई शेवटी शेवटी पंचेचाळीस किलोच्याही नव्हत्या. पलंगाची एक कड त्यांना पुरायची.

पडदा पडला. अक्षता मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती आहे की आणखी काही, ते त्यांना कळेना. ती सरळ टेबलाशी आली आणि तिनेच स्विच वर केला. आकड्याआधीची रेघ गेली.

“काय होतं?” त्यांनी विचारलं.

तिने पर्स उचलली. चपला घालताना दोनदा पाय चुकला. दार उघडून, त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, “कमी पडू देऊ नका.”

“अगं, पण काय होतं?”

“आणि मला फोन करू नका, पप्पा. यातलं काही सांगायला नको, आणि बरं वाटत नसलं तरीही नको.”

जिन्यात तिची पावलं धावत खाली गेली.

६

त्या गोष्टीला आता पाच दिवस झाले. सीतारामरावांनी नंतर लेकीला फोन केला नाही. करू नका म्हणाली होती, आणि तेवढी एकच गोष्ट तिने त्यांच्याकडे मागितली होती. त्यांनी सप्लाय वीस अँपिअरचा केला. सोसायटीतले दिवे संध्याकाळी मंद होतात अशी तक्रार खाली सुरू झाली होती.

गुरुवारी चारच्या सुमारास त्यांनी ठरवलं की हे असं बसून राहायचं नाही. ते उठले, चष्मा पुसला आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. हात पडद्याला लागेना. मग त्यांना सुचलं की हाक मारून बघावी. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला ‘अगं’ याखेरीज कशाने हाक मारली नव्हती.

“चंद्रभागा?”

मागे टेबलावर पंख्यांचा सूर एकदम बदलला, लोड सुटल्यावर बदलतो तसा. त्यांनी वळून पाहिलं. मीटरवर शून्य होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच निखळ शून्य, आणि ते हलत नव्हतं.

क्षणभर त्यांना वाटलं, संपलं. सुटलो. मग लक्षात आलं, की ऐकण्यासाठी माणूस असंच करतो. आतल्याने श्वास रोखून धरला होता.

त्यांनी नकळत मोजायला सुरुवात केली. पाच. दहा. चंद्रभागेला दोन वर्षांत पाच आकड्यांपर्यंतही श्वास कधी धरता आला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं तरी जमायचं नाही; तिला रडू यायचं. वीस. तीस. पडदा अगदी सरळ लोंबत होता. साठ झाले. सीतारामराव पडद्यापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि हाक परत घेता येत नाही हे त्यांना कळत होतं. नव्वद. शंभर. आकडा शून्यावरच होता, आणि आत जे होतं ते अजून ऐकत होतं.